बंदुकीचा वाडा

"बंदूक ठेवणार कुठं?" पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं.

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

"ठेवनार म्हंजी? आपल्यापाशी," मामंजी म्हणाले.

"आपल्यापाशी म्हणजे नेमकं कुठं? कपाट आहे? कुलूप असलेली खोली?"

"खोली कुठली सायेब. आमचं समदं घोड्यावर आसतं."

"म्हणजे बंदूक घोड्यावर." साहेबांनी पेन खाली ठेवलं. हसले नाहीत, एवढं त्यांचं बरं. दाराशी उभा असलेला शिपाई मात्र हसला.

मामंजी म्हणजे माझे सासरे, म्हाकू. आमच्या वाड्याचे कारभारी. धनगराचा वाडा म्हटलं की दगडी चौक आणि दिंडीदरवाजा डोळ्यापुढं आणू नये. चार कुटुंबं, साडेतीनशेच्या आसपास मेंढरं, तीन घोडी, कुत्री, कोंबड्या आणि काठ्यांवर ताणलेली ताडपत्री. शेतमालक सांगेल त्या रानात हे सगळं उतरवलं की झाला वाडा. मेंढरं रात्री त्या रानात बसतात, लेंड्यांनी रान खतावतं आणि मालक बदल्यात भात देतो. दिवाळी झाली की माणदेश सोडून घाट उतरायचा, पावसाच्या तोंडाला परत वर चढायचं. लग्न झाल्यापासून माझं हेच चाललं होतं. आता मेंढरं विकून बरीच वर्षं झाली, तरी कधी कधी सकाळी जाग आली की आज वाडा उठणार की राहणार, हाच विचार आधी मनात येतो.

आम्ही बंदूक मागायला गेलो होतो, ती काही हौस म्हणून नव्हे.

आठवडाभर आधी दुपारच्या वेळी दोन मोटरसायकलींवर चौघे जण वाड्यावर आले होते. पुरुष मेंढरं घेऊन डोंगराला गेलेले. वाड्यावर मी, माझी थोरली जाऊ तानुआक्का, आणखी दोघी बायका आणि पोरं. डोंगर चढू न शकणारी लहान कोकरं वाघरीत होती. वाघर म्हणजे सुताच्या जाळीचं कुंपण. त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या भरून दिला. पाणी पिऊन झाल्यावर एकानं वाघर उचलली आणि दुसरा आत शिरून कोकरं पोत्यात भरायला लागला.

तानुआक्का धावली. एका कोकराचे मागचे पाय तिनं धरले आणि सोडेचना. त्या माणसानं शिवी दिली, ओढलं, आणि मग गाडीला अडकवलेला लोखंडी पाइप काढून तिच्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचा आवाज मला लांबून ऐकू आला. कुत्री भुंकत होती, पोरं रडत होती आणि मी हातात दगड घेऊन नुसती उभी होते. मारला असता तर त्यांनी पोरांना काय केलं असतं, एवढंच डोक्यात होतं. जाताना पाणी प्यालेला म्हणाला, "बाकीची नीट मोठी करा. येऊ परत."

तक्रार दिली. गाड्यांना नंबर नव्हते. साहेबांनी लिहून घेतलं, तानुआक्काला सरकारी दवाखान्यात पाठवून प्लास्टर घालून आणलं. माणूस वाईट नव्हता. पण हद्द मोठी आणि त्यात निवडणूक लागलेली. आमच्या वाड्यावर शिपाई बसवणं त्यांना जमणारं नव्हतं, आणि तसं त्यांनी तोंडावर सांगितलंही.

"मग आमी काय करावं?" मामंजींनी विचारलं. त्यातूनच बंदुकीचा विषय निघाला.

"हे बघा म्हाकूबाबा," साहेब समजावून सांगायला लागले. "परवाना हवा तर पत्ता लागतो. कायमचा."

"हाय की. गावाकडं घर हाय."

"तिथं राहता किती?"

"पावसाळाभर."

"आणि परवाना एका जिल्ह्यापुरता मिळाला तर? तुम्ही तीन जिल्हे तुडवत येता. हद्द ओलांडली की तीच बंदूक बेकायदा. बरं, मिळाली असं धरू. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची. या इकडं."

त्यांनी आम्हाला शेजारच्या खोलीच्या दारात नेलं. आत भिंतीला टेकवून ओळीनं बंदुका उभ्या होत्या. प्रत्येकीच्या नळीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. हद्दीतल्या बागाईतदारांच्या, कंत्राटदारांच्या, एका डॉक्टरांची. निवडणूक संपेपर्यंत सगळ्या इथं मुक्कामाला.

मी त्या चिठ्ठ्यांवरची नावं वाचली. मी नववीपर्यंत शिकलेली. त्यातल्या दोघांची घरं आम्ही येताना पाहिली होती. पुरुषभर उंचीची कंपाऊंडची भिंत, वर काचा लावलेल्या, लोखंडी फाटक, आत बांधलेला कुत्रा. भिंत होती म्हणून त्यांना बंदूक मिळाली होती. आमच्याकडं भिंत नव्हती म्हणून आम्हाला ती हवी होती आणि भिंत नव्हती म्हणूनच मिळत नव्हती. मला तेव्हा हसू आलं. खरं तर रडू यायला हवं होतं, पण दुपारभर उन्हातून चालून आल्यावर माणसाला काय यायचं ते नीट येत नाही.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," साहेब म्हणाले. "ज्याच्या नावावर परवाना, त्यानंच बंदूक बाळगायची. दुसऱ्या कुणी हात लावला तर दोघांवर गुन्हा. तुम्ही दिवसभर डोंगराला. बंदूक तुमच्या खांद्यावर. चोर येणार वाड्यावर. मग उपयोग काय?"

 हे मामंजींच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"कागद माझ्या नावानं करा," मी म्हणाले.

साहेब, शिपाई आणि मामंजी, तिघंही माझ्याकडं बघायला लागले.

"वाड्यावर आम्ही असतो. मग आमच्याच नावानं करा. मला लिहिता येतं, सही येते."

"चालवता येईल?" साहेबांनी विचारलं.

"भाकरी तरी मी आईच्या पोटातून शिकून आले होते का साहेब?"

साहेब पहिल्यांदा हसले. मग त्यांनी मामंजींकडं बघितलं. मामंजींनी डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलं, पुन्हा बांधलं. आमच्यात सून सासऱ्यासमोर पदर सावरून बोलते. ठाण्यात उभं राहून स्वतःच्या नावानं बंदूक मागत नाही. पण तानुआक्काचं मनगट त्यांनी पाहिलं होतं.

"तिच्याच नावानं घ्या," ते म्हणाले.

"अर्ज घेतो. वर पाठवतो. मिळेल असं मात्र मी म्हणत नाही. चौकशी होईल."

फाटकापाशी मामंजींनी त्यांची कुऱ्हाड परत घेतली. निवडणुकीमुळं हत्यार घेऊन फिरायला बंदी, म्हणून आत येताना ती शिपायानं काढून घेतली होती. "पाला तोडायलाच हाय ना?" त्यानं दरडावून विचारलं. "मंग कशाला आसती?" मामंजी म्हणाले.  वाटेत ओढ्यापाशी पाणी पिताना ते एकदम म्हणाले, "पोरी, गोळी सुटली आन् मानूस मेलं, तर?"

"मग त्यांनी यायचं नाही," मी म्हणाले. तेव्हा माझं वय तेवीस होतं.

चौकशी झाली, आणि तिथंच सगळं फिसकटलं. गावाकडं चौकशीला गेलेल्या माणसाला घराला कुलूप दिसलं. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळून आली नाही, असा कागद पावसाळ्यात घरी गेल्यावर दाराच्या कडीत खोचलेला मिळाला. इकडं मात्र चौकशीचा शिपाई ज्यांच्या रानात आमची मेंढरं बसली होती त्या दामू भगतांकडं गेला आणि अंगणात उभं राहून त्यानं विचारलं, "या धनगरांनी बंदूक मागितलीय. माणसं कशी आहेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भगत रानात आले. एरवी ते चुलीपाशी उकिडवे बसायचे, मेंढीच्या दुधाचा चहा मागून प्यायचे, पोरांना चिडवायचे. त्या दिवशी बांधावरच उभे राहिले.

"म्हाकू, रान पुरेसं खतावलंय. आता उठा."

"आजून चार रात्री ठरल्याल्या मालक."

"ठरल्या होत्या. पण घरात बायका-पोरं आहेत."

"आमची बी बायका-पोरंच हायती," मामंजी म्हणाले. "त्येंच्यासाटीच मागितलीया. आन् आजून मिळाली कुठं?"

"मिळाली नाही, पण मागितली ना? मला रानात मेंढरं बसवायचीत म्हाकू. फौज नाही बसवायची." आणि मग थोडं मऊ होऊन, "माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण गाव काय म्हणेल?"

आम्ही उठलो. पुढच्या गावात मामंजी बोलायला गेले, तर बातमी आमच्या आधी पोचलेली. त्याच्या पुढच्याही गावात तेच. बंदुकीचा वाडा आला, असं पोरं ओरडायची आणि बायका दारं लोटून घ्यायच्या. कोण म्हणे आमच्याकडं दोन बंदुका आहेत, कोण म्हणे सुनेनं ठाण्यात साहेबावरच रोखली. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत झाली. रान नाही म्हणजे भात नाही, आणि कुणाच्या विहिरीवर मेंढरांना पाणीही नाही. रस्त्याच्या कडेला उतरायचं, ओढ्यातलं गढूळ पाजायचं, सकाळी पुन्हा उठायचं. मेंढ्यांचं दूध आटलं. आठवड्यात पाच कोकरं मेली. मामंजी एकेकाला खड्डा काढून पुरायचे आणि हात झटकून माझ्याकडं न बघता निघून जायचे. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

पण या सगळ्यात एक गोष्ट घडली होती, आणि ती फक्त आम्हा बायकांना ठाऊक होती. त्या दिवसांत मोटरसायकली आल्या नाहीत.

म्हणजे एकदा आल्या. रस्त्यावर दोन गाड्या हळू झाल्या. तेच होते की दुसरे, कळलं नाही. त्यातला एक लांबूनच ओरडला, "बंदूकवाली कोण गं तुमच्यात?"  मी हातातलं काम टाकून ताडपत्रीच्या आत गेले, काहीतरी आणायला गेल्यासारखी. आत आणायला होतं काय? भाताचं पोतं आणि पोरांचे कपडे. पण गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला आणि त्या गेल्या.

तानुआक्का त्या दुपारी पहिल्यांदा डोळे मिटून पडली. मनगट मोडल्यापासून ती दुपारची पापणी लववत नव्हती. जाग आल्यावर म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. लोकं म्हनत्यात बंदूक हाय, तर म्हनू दे."

"आणि कोकरं?"

ती प्लास्टरवरचा धुरळा पुसत राहिली. "ते बी खरंच," म्हणाली.

मग मोकलांचं गाव लागलं. काशिनाथ मोकलांची भातखाचरं मोठी होती आणि त्यांना मेंढरं बसवायचीच होती. मामंजींनी रीतीप्रमाणं खांद्यावरची कुऱ्हाड उतरवून बांधाला टेकवली. मालकाशी बोलताना धनगर हत्यार हातात ठेवत नाही. आम्ही बायका घोडी धरून रस्त्यावर उभ्या होतो. शेजारी चहाची टपरी होती आणि टपरीपुढं मोटरसायकलीवर दोघं बसले होते.

त्यातल्या एकाला मी ओळखलं. तांब्या परत देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली होती; तो चेहरा मी कसा विसरणार? त्यानंही मला ओळखलं. ग्लासातला चहा फुंकत तो माझ्याकडं बघत राहिला. मी पळत जाऊन मोकलांना सांगू शकत होते, हाच तो म्हणून. पण तो त्यांच्या गावचा, आम्ही वाटसरू. ठाणं दिवसभराच्या वाटेवर. शब्दानं शब्द वाढला असता, रान गेलं असतं आणि गाडी धुरळा उडवत निघून गेली असती. मी सांगितलं नाही.

"रान द्यायला माझी ना नाही," मोकल म्हणत होते. "भातही देईन, वैरण देईन, विहीर मोकळी. पण एक खरं सांगा. तुमच्याकडं बंदूक आहे की नाही?"

मामंजींनी मागं वळून बघितलं. "सांग पोरी. कागुद तुज्या नावाचा हाय."

मी पुढं झाले. तानुआक्का घोड्याला टेकून उभी होती, हात गळ्यात. तिनंही टपरीपुढच्या त्या माणसाला ओळखलं होतं. माझ्याकडं बघून तिनं मान हलवली, अगदी थोडी. सांगू नकोस. तिच्या मागं रस्ताभर मेंढरं उभी होती, माना खाली घालून. एक कोकरू आईच्या कासेला ढुशा देत होतं आणि आई पुढं पुढं सरकत होती, कारण कासेत काही नव्हतंच.

मला राग आला. मोकलांचा नाही, त्या चोराचाही नाही. आपण एवढं खोटं बोलायला आणि एवढं खरं बोलायलाही महाग झालो, याचा राग आला. पण राग येऊन उपयोग काय? पाठीवरचं माझं पोर झोपलं होतं, त्याच्या ओझ्यानं खांदे भरून आले होते आणि मला कुठंतरी बसायचं होतं.

"न्हाय," मी म्हणाले.

"मोठ्यानं सांग बाई. ही चार माणसं ऐकू देत. उद्या गावानं मला बोल लावायला नको."

मोकलांच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्या गावात त्यांना राहायचं होतं, इतकंच.

"आमच्याकडं बंदूक न्हाय," मी मोठ्यानं म्हणाले. "कुऱ्हाड हाय, ती बांधाला हाय. दुसरं काय बी न्हाय."

टपरीपुढच्या त्या माणसानं चहाचा शेवटचा घोट घेतला, ग्लास टपरीवर ठेवला आणि गाडीला किक मारली.

मोकलांनी शब्द पाळला. मेंढरं दोन दिवस पोट फुटेस्तोवर चरली, विहिरीचं गार पाणी प्याली. कोकरं कासेला लागली. पहिले दोन दिवस माझे घरधनी, सिधू, वाड्यावर थांबले. पण साडेतीनशे मेंढरांमागं माणूस कमी पडायला लागला. एक मेंढी कड्यावरून पडली, दोन दुसऱ्याच्या आमराईत शिरल्या आणि शिव्या खाव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यापाशी घुटमळत उभे राहिले. मीच म्हणाले, जावा.

दुपारी गाडीचा आवाज आला. एकच गाडी होती. घाई नसलेल्या माणसासारखा तो आला, गाडी लावली, चावी काढून खिशात घातली. बरोबर दुसरा होता, त्याच्या हातात पोतं.

मी विळा उचलला. विचार करून उचलला नाही, हात आपोआप गेला.

"ठेव त्यो," तानुआक्का म्हणाली.

"आक्का..."

"ठेव म्हनलं ना. पोरं मागं हायती."

ती उठली आणि स्वतः वाघरीत गेली. एका हातानंच कोकरं चाचपली. मला वाटलं, मरतुकडी दोन काढून देईल. तिनं चांगली निवडली, अंगानं भरलेली दोन. एकेकाला काखेत धरून बाहेर आणून तिनं त्यांच्यापुढं ठेवलं.

"ही घ्या दादा. बाकीची आजून आईला पित्यात."

तो गोंधळला. हिसकावून घ्यायला आलेल्या माणसाला हातात दिल्यावर काय करावं, ते कळत नाही. मग त्यानं पोतं पसरलं. जाताना माझ्याकडं बघून म्हणाला, "बंदूकवाली हीच ना?"

"न्हाय," तानुआक्का म्हणाली. "कुनी न्हाय."

संध्याकाळी मेंढरं आली. मामंजी वाघरीपाशी उभे राहिले, एकवार नजर फिरवली. धनगराला मोजावं लागत नाही.

"दोन कुठायत?"

"दिली," तानुआक्का चुलीपुढून म्हणाली.

"दिली?"

"मागाय आलते."

मामंजींनी कुऱ्हाड खाली ठेवली. सिधूनं माझ्याकडं बघितलं आणि मी भाताच्या पातेल्याकडं.

"कुनाला हात लावला का?" मामंजींनी विचारलं.

"न्हाय."

"मग वाढा," म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

पुढच्या साली आम्ही पुन्हा त्याच वाटेनं उतरलो. मोकलांचं गाव उद्यावर आलं, त्या संध्याकाळी तानुआक्कानं दोन कोकरं वेगळी काढून घोड्यापाशी बांधली. कुणासाठी ते मी विचारलं नाही. मामंजी आले, वाकून दोन्हींच्या पाठीवर हात फिरवून बघितला आणि त्यातलं एक त्यांनी दोरीतून सोडवलं.

"ह्ये नगं," म्हणाले. "दुसरं बांध. जरा चांगलं बघून."